फाट्यावरची पावणेसहाची गाडी

गंगूबाईचं वय सत्त्याहत्तर. एसटीत पंचाहत्तरीपुढे तिकीट माफ, पण ती काही केल्या माफीचं तिकीट घ्यायची नाही. "पुरं फाड, हर्षा. फुकट्याले मोजते कोन? सवाऱ्या कमी दिसल्या त गाडी बंद करतीन." माफीचा प्रवासीही मोजला जातो, हे मी पन्नासदा सांगितलं. तिला पटेना. कंडक्टर म्हणून वीस वर्षं झाली मला, इतकी हट्टी बाई दुसरी पाहिली नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे फाट्यावर ती टोपलं घेऊन उभी असायची. टोपल्यात घरच्या वावरातला सांबार, म्हणजे पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती. तो सकाळीच अमरावतीच्या बाजारात पोचला पाहिजे, नाहीतर माना टाकतो. तिचं पोट त्यावर.

आमची गाडी पावणेसहाची, यायची सव्वासहाला. एकदा वाटेत बंद पडली ती दोन तास हलली नाही. तिचा सगळा माल उन्हात गेला. मी आणि ड्रायव्हर देवानंद टपरीवर चहा पीत बसलो होतो. आमचा पगार कुठं जात होता? आठवलं की लाज वाटते.

मग तिच्याच पोरानं, कुंदननं, दहा सीटची गाडी घेतली. फोन केला की दारात. सगळं गाव तिकडं गेलं, जाणारच. पण भरल्याशिवाय तो हलायचा नाही, आणि गर्दी असली की आईलाच म्हणायचा, "माय, तुह्या टोपल्यात दोन सवाऱ्यांची जागा जाते. दुसऱ्या खेपेले ये." दुसऱ्या खेपेपर्यंत बाजार उठायचा. तरी तिचा राग नव्हता. "डिझल त्याच्या घरचं हाय," म्हणायची.

निवृत्त मास्तर केशवराव फाट्यावर पेपर चाळत म्हणायचे, "गंगूबाई, एक भांडवलशाही, एक समाजवाद, अन् मधात तुमचं टोपलं." मास्तरांना बोलायला काय जातं, ते पेन्शनवर.

गेल्या महिन्यात डेपोत कागद आला. फेरी बंद, शनिवार शेवटचा. त्या शनिवारी देवानंद म्हणाला, "आज तरी टायमावर जाऊ." बरोबर पावणेसहाला फाट्यावर पोचलो. कोणीच नव्हतं. गंगूबाई सव्वासहा धरूनच घरून निघायची, ती सवय आम्हीच लावलेली. आम्ही थांबलो. तिच्यासाठी थांबायची ही आमची पहिलीच वेळ.

गाडी उभी पाहून ती टोपल्यासकट पळत आली. "आज काहून लवकर आले वो तुमी?" धापा टाकत तिनं पुरं तिकीट मागितलं. मी मुकाट्यानं फाडलं. सबंध गाडीत ती एकटी. उद्यापासून गाडी नाही, हे अमरावतीपर्यंत तीनदा सांगायला गेले, तीनदा सांबाराचा भाव विचारून परत आले.

बाजारात उतरल्यावर तिनं सांबारावरून हात फिरवला. ताजा होता. देवानंदनं टोपलं डोक्यावर चढवून दिलं, तशी ती हसली.

"पाय बरं, टायमावर आलं की कसं होते. उद्याबी असेच येजा."