आईनं सांगितलेली मालिका

मालिकेला सात वर्षं पूर्ण झाली म्हणून रविवारी संध्याकाळी टीव्हीवर अडीच तासांचा सोहळा दाखवला. सोमवारी दवाखान्यात गेले तर माझ्याबरोबरच्या सिस्टरनं आल्या आल्या विचारलं, "बघितला का? कसा वाटला?" ती ही मालिका पहिल्या दिवसापासून बघते. मी "चांगला होता" म्हणाले आणि वॉर्डात निघून गेले. खरं मत सांगायचं तर आधी आईचं सांगावं लागलं असतं, आणि ते तिथं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

माझं माहेर चाकूरजवळच्या एका गावात. अण्णा, म्हणजे माझे वडील, झेडपीच्या शाळेत मास्तर होते. लातूरला नर्सिंग करताना माझी एका मुलाशी ओळख झाली, तो एक्स-रेचा कोर्स करत होता. तो बौद्ध, आम्ही मराठा. आम्ही लग्न केलं आणि नांदेडला नोकऱ्या धरल्या. अण्णा वर्गात जातीबद्दल काय शिकवायचे ते मला तोंडपाठ होतं, कारण त्या वर्गात मीही बसले होते. मला वाटलं, महिनाभर रागावतील. त्यांनी आईला देवापुढं उभं केलं आणि माझ्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. लेकीला घरी बोलवणार नाही, तिच्या दारात जाणार नाही, तिच्याशी घरातलं किंवा तिच्या संसारातलं अवाक्षर बोलणार नाही. हे भावानंच मला फोन करून सांगितलं आणि म्हणाला, "आता तूबी फोन करू नको."

दीड वर्ष गेलं. एका संध्याकाळी पावणेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी जिन्यात येऊन उचलला. पलीकडून आईचा आवाज.

"आज शिरेलमधल्या धाकटीनं घर सोडलं बघ."

मी "आई, कशी आहेस?" म्हणाले. त्यावर ती काहीच बोलली नाही. मग परत तशीच सुरू झाली, "पोरीनं मनानं लग्न केलं. आईचं रडून रडून डोळं सुजलेत. लई वाईट वाटलं बघून. ठिवते." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत फोन आला. मग रोजच यायला लागला. साडेसातला मालिका संपली की ती मोबाईल घेऊन परसात जायची आणि मला त्या दिवसाचा भाग सांगायची. आईनं शपथ मोडली नाही. माझं, नवऱ्याचं, अण्णांचं, कुणाचंच नाव तिनं काढलं नाही. ती फक्त मालिका सांगायची. मालिकेतल्या धाकटीला दिवस गेले तेव्हा मलाही सातवा चालू होता. "तिची आई म्हणायली, पोरीनं जड उचलू नये, ड्युटीवर सारखं उभं ऱ्हाऊ नये." मालिकेतली धाकटी कसली ड्युटी करते हे मी विचारलं नाही; मालिकेत आई स्वतःचे दोन शब्द घालते, एवढंच वाटायचं. मला मुलगी झाली. कधीतरी आई म्हणायची, "शिरेलमधल्या बाळाला अजून दात न्हाई आला, तिची आई काळजी करायलीय." मी म्हणायचे, "येतील गं. काहींना सातव्या महिन्यात येतात. हिला पण परवाच आला." आई गप्प व्हायची. नुसता श्वास ऐकू यायचा.

मी ती मालिका कधी बघितली नाही. आधी घरी टीव्ही नव्हता, नंतर संध्याकाळची ड्युटी असायची. मोबाईलवर बघता आली असती, पण मुद्दाम बघितली नाही. मीच बघितली तर आईला सांगायला काय राहील, असं वाटायचं. आणि आई सांगायची फार छान. मधेच थांबायची, नक्कल करायची, कुणाला शिव्या द्यायची.

एकदा तिनं सांगितलेला भाग माझ्या चांगला लक्षात राहिला. तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती.

"आज धाकटीची आई तिच्या दवाखान्यात गेली हुती. दुसऱ्या पेशंटच्या संगं बाकड्यावर बसली, पदर तोंडावर घेऊन. पोरगी चारदा समोरून गेली. हातात कसला ट्रे. चष्मा लागलाय तिला, आईला ठावं बी न्हवतं. वाळलीय लई."

"मग?"

"मग काय. बघितलं अन् गाडी धरून माघारी आली."

"बोलली नाही?"

"न्हाई."

मला राग आला. दिवसभर उभी राहून पाय भरून आले होते, त्याचाही असेल. मी म्हणाले, "एवढं जाऊन बोलायचं नाही? ही कसली आई? हाक तरी मारायची."

आई म्हणाली, "शपथ घातलेली हाय तिला. पोराच्या डोस्क्यावर हात ठिवून."

"मालिकेत काहीही दाखवतात," मी म्हणाले. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "मला पण चष्मा लागलाय, या महिन्यात."

"हाव का," आई म्हणाली. "जप डोळ्याला."

मागच्या हिवाळ्यात सलग तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी मीच लावला. भावानं उचलला.

"आई कुठंय?"

"गेली. शुक्रवारी सकाळी. अंगण झाडता झाडता खाली बसली."

"आणि मला आज सांगतोस?"

"माती झाली," तो म्हणाला. "अण्णा नको म्हणले." तो रडायला लागला आणि मी फोन धरून तशीच उभी राहिले. वॉर्डातून बेल वाजत होती.

मग हा सोहळा आला. आठवडाभर जाहिरात चालली होती. मला वाटलं, ज्या माणसांबद्दल आई सहा वर्षं बोलली ती एकदा बघावीत तरी. सुट्टी घेतली. सासूबाई आणि मुलगी दोघी शेजारी बसल्या. सासूबाईंना माझ्या घरचं सगळं माहीत आहे, त्यांनी आवाज वाढवून रिमोट माझ्या हातात दिला.

लखलखाट फार होता. मालिकेतल्या वाड्याच्या आकाराचा केक, एकेकाचा नाच, टाळ्या. थोरल्या सुनेचं काम करणारी बाई रडली, नायक "प्रेक्षक मायबाप" म्हणाला. माझं मत विचाराल तर कंटाळवाणा होता. एवढ्या माणसांची सुखदुःखं आईनं मला कांदा चिरावा तशी बारीक करून सांगितली होती आणि इथं ती सगळी नुसती एकमेकांना मिठ्या मारत होती. मी धाकटीच्या आईची वाट बघत होते.

अर्ध्यावर ती आली. साधीशी, वयस्कर नटी. सूत्रसंचालक म्हणाला, "यांची भूमिका फक्त तीन महिन्यांची, पण प्रेक्षक अजून विसरले नाहीत." मागच्या पडद्यावर जुनी दृश्यं दाखवली. धाकटी घर सोडून जाते, आई दारात कोसळते, आणि लगेच हार घातलेला फोटो. नटी हसत म्हणाली, "लेक गेली आणि आठवड्यात मला मारून टाकलं हो यांनी!" सगळे हसले. धाकटी परदेशी गेली ती परत मालिकेत आलीच नाही, हेही तिथंच बोलले.

मला आधी नीट कळलंच नाही. मग एकदम कळलं. दात आलेले नाहीत म्हणून काळजी करणारी, ड्युटीवर उभं राहू नको म्हणणारी आई त्या मालिकेत नव्हतीच. बाकड्यावर पदर घेऊन बसलेली कुणी नटी नव्हती. ती माझ्या दवाखान्यात येऊन बसली होती आणि मी चारदा तिच्यासमोरून गेले होते. मी तिलाच विचारलं होतं, ही कसली आई.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. मुलगी विचारत होती, "मम्मी, काय झालं?"

पुढच्या रविवारी मी एकटीच गावी गेले. आठ वर्षांनी. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते, खूप म्हातारे दिसत होते. मी पायरीखालीच उभी राहिले. त्यांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"अण्णा, आई कधी नांदेडला आली होती?"

ते म्हणाले, "गल्लीतल्या बायकांसंग गेली हुती. गुरुद्वारा बघायला. बायका म्हणल्या, दुपारभर ही न्हवतीच आमच्यात."

"ती मला फोन करायची, माहीत होतं तुम्हाला?"

"भिंतीच्या अलीकडं मीच बसलेला असायचो," ते म्हणाले. "शिरेल मीबी बघायचो. तिनं सांगितलं तसं त्यात काय न्हवतं."

म्हणजे रोज ऐकत होते. रोज त्यांना कळत होतं ती काय करते आहे. मी म्हणाले, "मग एकदा तरी तिला म्हणायचं, बोल म्हणून. मातीला तरी बोलवायचं मला."

त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मग विचारलं, "पोरगी कितवीला हाय?"

"पहिलीला."

मान हलवली आणि उठून आत गेले. मी पंधरा-वीस मिनिटं थांबले. ते बाहेर आले नाहीत. दारातून भिंतीवरचा आईचा फोटो दिसत होता, तिथूनच हात जोडले आणि स्टँडवर आले.

एसटीतून अहमदपूर मागं गेलं तरी डोळे कोरडे होते. लोह्याला एक म्हातारी गाठोडं घेऊन शेजारी येऊन बसली. "कुठं गेल्तीस बाई?" तिनं विचारलं.

"माहेरी," मी म्हणाले, आणि नांदेड येईपर्यंत मला रडू आवरलं नाही.