चौथ्या मजल्यावर चढवता येईल एवढंच

मुलीने आम्हाला प्रागला बोलावलं तेव्हा एकच अट घातली. प्रत्येकाने एकच छोटी बॅग आणायची आणि ती स्वतः उचलून चौथ्या मजल्यावर न्यायची. तिची इमारत जुनी, लिफ्ट नव्हती. ट्रामच्या थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता दगड बसवलेला, त्यावर चाकाची बॅग उड्या मारत चालते म्हणाली. आमच्या तिकिटात मोठ्या बॅगेची सोय होती. पण ती आणलीत तर जिन्याखालीच राहील, असं तिने व्हिडिओ कॉलवर निक्षून सांगितलं.

आम्ही धुळ्याला, देवपुरात राहतो. मी शाळेत मराठी शिकवत होते, हे पाटबंधारे खात्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं यांनी धरणांच्या कॅम्पवर काढली, जिथे विसरलेली वस्तू विकत मिळायला तालुक्याला जावं लागायचं. त्यामुळे कुठेही निघायचं म्हटलं की यांच्या सामानात टॉर्च, दोरी, पक्कड आणि मेणबत्त्या आधी जातात, कपडे नंतर. सकाळी पद्मालयाच्या गणपतीला जाऊन संध्याकाळी परतायचं असलं तरी गाडीची डिकी भरलेली. माझं दुखणं वेगळं होतं. एक साडी नेसायला, दुसरी पहिलीवर डाग पडला तर, आणि तिसरी कोणी अचानक कार्यक्रमाला बोलावलं तर. प्रागमध्ये मला कार्यक्रमाला कोण बोलावणार होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा बॅगा भरल्या आणि वजन करायचं ठरलं. घरात काटा नव्हता. हे दोन्ही बॅगा घेऊन गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत गेले. तिथे बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या, हेही बॅगा घेऊन रांगेत उभे राहिले. पुढच्या बाईंनी विचारलं, काय दळायचंय. यांनी सांगितलं की कपडे आहेत. त्या बाई संध्याकाळी मला भाजीच्या गाडीवर भेटल्या आणि साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं हळूच विचारून गेल्या. विमानात आठ किलो चालणार होतं. यांची बॅग त्याच्या जवळजवळ दुप्पट भरली, माझीही फार मागे नव्हती. दोन्हींवर ज्वारीच्या पिठाचा थर बसून आला.

मग काढाकाढ सुरू झाली. पक्कड आणि दोरी मुलीने फोनवरूनच बाहेर काढायला लावली. साड्यांवर ती फारशी बोलली नाही, फक्त म्हणाली, "आई, इथे कडाक्याच्या थंडीत निऱ्या धरून जिने चढशील का?" मी साड्या कपाटात ठेवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन काळ्या पँटी विकत आणल्या. काळ्या रंगावर काहीही चालतं आणि मळ दिसत नाही, हेही तिचंच. रात्री धुवायचं, सकाळी घालायचं. जड वस्तू, म्हणजे कोट आणि बूट, बॅगेत घालायचे नाहीत, अंगावर घालायचे. ती हे सांगत होती तेव्हा धुळ्यात पंखाही गरम वारा टाकत होता.

एवढ्याशा सामानात दोन आठवडे निघतील यावर माझा विश्वास बसेना. म्हणून मी सुचवलं की आधी घरच्या घरी तालीम करू. चार दिवस यांच्या मोठ्या बहिणीकडे अमळनेरला जाऊ आणि फक्त त्या बॅगांवर राहू. जमलं तर युरोप, नाही तर मुलीशी भांडण. यांना कल्पना आवडली. आम्ही एस.टी.ने निघालो. अमळनेरच्या स्टँडवर उतरून बॅगा खांद्याला लावून अक्कांच्या घरापर्यंत चालत गेलो, कारण प्रागमध्येही चालायचंच होतं. वाटेत दोन रिक्षावाले हळू झाले आणि आमच्याकडे बघत पुढे गेले.

अक्का यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. दारातच त्यांनी आमच्या मागे कोणी सामान घेऊन येतंय का ते पाहिलं. कोणी नव्हतं. मग बॅगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भाऊ, इतलुसा थैलामा काय मावस?"

एवढुशा थैलीत काय मावतं, हा प्रश्न मलाही होताच. यांनी हसून विषय टाळला. तालीम आहे हे अक्कांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, नाही तर त्यांनी लगेच कपाट उघडून दिलं असतं. पहिल्या संध्याकाळी हे मोरीत बसून स्वतःचा शर्ट धुवायला लागले. अक्का दाराशी उभ्या राहून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी तोच शर्ट घातला, मी तीच काळी पँट. अक्कांनी मला आत नेलं, दार लोटलं आणि विचारलं, "घरमा बठ्ठं चांगलं शे ना?"

घरात सगळं चांगलं आहे असं मी सांगितलं, पण त्यांना ते पटलं नाही. त्यातच शेजारी साखरपुडा निघाला. पाहुणे म्हणून आम्हालाही बोलावणं आलं. काळ्या पँटीत साखरपुड्याला जाणं शक्य नव्हतं. अक्कांनी त्यांची जरीची साडी काढली, ब्लाउज मात्र मला दंडात शिरेना. शेवटी बाजूची शिवण उसवून, वरून पदर दोन्ही खांद्यांवर ओढून मी जेवायला बसले आणि सबंध पंगतभर उजवा हात कोपरापासूनच हलवला. घरी येताच मी अक्कांना सगळं खरं सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग एकदम गंभीर झाल्या. त्यांच्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता.

तठे खावाले काय भेटस, असं त्या विचारू लागल्या. यांनी पाव, बटाटे, चीज असं काहीबाही सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही. आम्ही धुळ्याला परतलो तेव्हा दोन छोट्या बॅगांबरोबर एक गोणी होती. त्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, काळा मसाला आणि लसणाची चटणी. तालीम अशी पार पडली.

यातलं काहीच नेता येणार नाही हे अक्कांना कोण सांगणार, यावर आमच्यात दोन दिवस अबोला झाला. शेवटी मी फोन केला. बॅगेत जागाच नाही, वजन बघतात, कोट आणि बूटसुद्धा अंगावर घालून जायचंय, असं सगळं समजावलं. मला वाटलं, त्यांना लागलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "आंगवर शे ते कोन मोजस?"

दोन दिवसांनी त्या एस.टी.ने देवपुरात हजर झाल्या, शिवणाची पेटी घेऊन. अंगावरचं कोण मोजतं, हे त्यांनी माझ्याच तोंडून काढून घेतलं होतं. यांचा लांब कोट उलटा करून त्यांनी त्याच्या अस्तराला आतून खिसे शिवले. पूर्वी यात्रेला जाताना बायका पैशासाठी चोरखिसा शिवायच्या, तेच तंत्र, फक्त खिसे ताटाएवढे. पाठीत बिबडे, कारण ते सपाट. डाव्या बाजूला पीठ, उजव्या बाजूला मसाला. चटणीचा वास येईल म्हणून ती यांनी हात जोडून बाहेर ठेवायला लावली. कोट घातल्यावर हे जरा रुंद दिसत होते, आणि बसताना पाठीतून कुरकुर असा आवाज यायचा.

आमची मुंबईची गाडी जळगावहून होती. एप्रिलची दुपार. फलाटावर माणसं पंचे ओले करून डोक्यावर घेऊन बसलेली आणि त्यांच्यात हे घोट्याच्या वर येणारे बूट, मफलर आणि लांब कोट घालून उभे. कोट काढून हातात घ्या, असं मी सांगून पाहिलं. हातात धरला की बिबडे मोडतात, असं यांचं म्हणणं. गाडीला उशीर होता. हळूहळू आजूबाजूची माणसं आमच्याकडे सरकली. एका गृहस्थांनी यांना बसायला जागा दिली. एका बाईंनी नातवाची पाण्याची बाटली पुढे केली आणि मला विचारलं की थंडी वाजून ताप आलाय का.

मी म्हटलं, "नाही, प्रागला चाललोय."

"प्रयागला?" त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना सांगितलं, ते चाचपडत उठले आणि यांना हात जोडले. यांना काही कळलं नाही, यांनीही हात जोडले. तिथे अजून थंडी असते का, असं कोणीतरी विचारलं, आणि मी फार थंडी असते म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं. गाडी येईपर्यंत तिघांनी आमच्यावर गंगेचं पाणी आणायची जबाबदारी टाकली. हे मुकाट्याने मान हलवत होते. यांच्या कपाळावरून घाम मफलरमध्ये मुरत होता.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत कोट ट्रेमध्ये गेला आणि यंत्र थांबलं. पडद्यावर काय दिसलं असेल ते असो. गणवेशातल्या मुलीने अस्तरात हात घालून एक बिबडा बाहेर काढला, उलटा करून पाहिला आणि यांच्याकडे पाहिलं. यांनी घसा साफ करून सांगितलं की बहिणीने दिलेत. तिने पिठाची पिशवी हुंगली, बाजूच्या साहेबांना दाखवली. ते साहेब भुसावळकडचे निघाले. त्यांनी बोलण्यावरूनच ओळखलं, हसू दाबलं आणि कोट परत दिला. आम्हाला वाटलं, झालं, जिंकलो. बॅगाही काट्यावर बरोबर बसल्या होत्या.

मधल्या विमानतळावर दुसरं विमान लहान आणि गच्च भरलेलं होतं. दारापाशी एका बाईने आमच्या दोन्ही बॅगांना चिठ्ठ्या बांधल्या आणि खाली सामानात जातील म्हणून सांगितलं. मी इंग्रजीत विरोध केला, मग मराठीत केला. बॅगा गेल्या. प्रागला उतरलो तर पट्टा रिकामा फिरत होता.

मुलगी बाहेर उभी होती. महिनाभर जिने आम्हाला मोजे गुंडाळून बॅगेच्या कोपऱ्यात भरायला शिकवलं, तिच्यासमोर आम्ही रिकाम्या हातांनी गेलो. तिने आधी आमच्या मागे पाहिलं, अगदी अमळनेरला अक्कांनी पाहिलं होतं तसं. मग मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या पाठीत काय मोडलं?"

चौथा मजला आम्ही हात हलवत चढलो. पुढचे तीन दिवस बॅगा आल्या नाहीत. मी मुलीच्या जीन्समध्ये प्राग पाहिलं. त्या घट्ट होत्या, त्यामुळे पुलावर फोटो काढताना मी बसायला तयार नव्हते, आणि सगळ्या फोटोंत मी कवायतीला उभी असल्यासारखी दिसते. यांना तिचं काही होईना. फक्त रात्री घालायला तिची एक ढगळ गुलाबी पायजमा-सदऱ्याची जोडी झाली, त्यावर झोपलेली मांजरं होती. कॅम्पवर कंत्राटदारांना घाम फोडणारा हा माणूस त्या मांजरांसकट गॅससमोर उभा राहून बिबडे भाजत होता. धुराने तिथल्या छतावरचं यंत्र किंचाळलं, तर टॉवेल हलवत राहिला. मुलगी कळण्याची भाकरी ओट्याशी उभी राहूनच खात होती. एक संपली की दुसरीला हात. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की चीज आणि पावाबद्दल ती आम्हाला फोनवर जे सांगायची, ते सगळं खरं नसावं.

बॅगा आल्या तेव्हा आम्हाला त्यांची तितकी घाई उरली नव्हती. उरलेले दिवस आम्ही खूप हिंडलो. परतायच्या आदल्या दिवशी मी माझी बॅग पाच मिनिटांत भरली आणि मला त्याचा अभिमान वाटला. तेवढ्यात मुलीने पलंगाखालून एक मोठी सूटकेस ओढून बाहेर काढली. ती फुगलेली होती, चेन बंद होत नव्हती. तिची पुस्तकं, जाड कपडे, एक इस्त्री, कसल्या कसल्या वस्तू. हे तुम्ही घेऊन जा, म्हणाली. तिकिटात सोय आहे ना.

मी बोलायला तोंड उघडलं. लिफ्ट, जिना, दगडी रस्ता, सगळं माझ्या जिभेवर होतं. ती आमच्याकडे न बघता चेनशी झटत म्हणाली, "यातलं मला इथे आता लागणार नाही. डिसेंबरला मीच येतेय. पुण्यात नोकरी बघितलीय."

हे तिने फोनवर सांगितलं नव्हतं, चौदा दिवसांत सांगितलं नव्हतं. हे उठले, सूटकेसवर नीट मधोमध बसले आणि तिला म्हणाले, "आता ओढ."

चेन बंद झाली. सकाळी यांनी ती सूटकेस कोणाला हात लावू दिली नाही. प्रत्येक मजल्यावर थांबत, श्वास घेत, एकट्याने खाली नेली. दगडांवर तिचं एक चाक निखळलं, ते यांनी उचलून खिशात टाकलं. ट्राममध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी हे दारापाशी तिला धरून उभे राहिले. मुलगी आतून दोनदा म्हणाली, बाबा, बसा ना. हे म्हणाले, ठीक आहे, फार जड नाहीये.