बर्फावरची राखण

चैत्राच्या उन्हात गच्चीवर पसरलेल्या माझ्या खेळाच्या पॅडांना एक वास येतो. भिजून वाळलेल्या कातड्याचा, जुन्या घामाचा, आणि त्या दोन्हींच्या तळाशी दडून बसलेल्या थंडीचा. थंडीला कुठे वास असतो का, असं तुम्ही विचाराल. असतो! गोठलेल्या तळ्यावर हिवाळाभर गुडघे टेकून पाहा, म्हणजे कळेल. आमच्या न्हावरे गावच्या रणरणत्या दुपारी डोळे मिटून मी तो वास घेत बसते, आणि शेजारच्या गच्चीवरून काकूंचा आवाज येतो, "आगं, तुझी ती खोगिरं उचल की तिकडं! माझ्या कुरडयांना वास लागंल." मग मी मुकाट्याने खोगिरं उचलते. ह्याच खोगिरांच्या आड माझं सगळं तारुण्य गेलं, हे काकूंना काय सांगणार?

होय, मी बर्फावरची हॉकी खेळते. उसाच्या आणि कांद्याच्या ह्या मुलखात, जिथे बर्फ म्हणजे रसवंतीतली पोत्यात गुंडाळलेली लादी, तिथली मी एक गोलरक्षक. गावाला कौतुक नाही असं नाही. एकदा शाल-श्रीफळ देऊन सत्कारसुद्धा झाला. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आबांनी फार मायेने विचारलं, "बाय, येवढी मोठी लादी आणत्यात तरी कुठनं?" तिकडे पाणीच गोठतं, आबा, म्हटलं. "आन् तुमी त्येच्यावर पळता? घसरून पडत न्हाई व्हय?" पडतो की, म्हटलं. आबांचं समाधान झालं, माझं झालं नाही. कौतुक निराळं आणि पाहणं निराळं. इतक्या वर्षांत माझ्या घरच्या एकाही माणसाने मला खेळताना पाहिलं नव्हतं. आई तर न पाहताच गेली. उरले आप्पा, माझे वडील. त्यांनी मला एकदा, फक्त एकदा, गोलात उभी असलेली पाहावं, एवढी एकच इच्छा मनात धरून मी कित्येक हिवाळे काढले.

उभं राहायला मला त्यांनीच तर शिकवलं! ज्वारीचा दाणा भरू लागला की शेतावर पाखरांचे थवे उतरतात, आणि माळ्यावर राखणीला बसावं लागतं. लाकडी मेढींवर बांधलेला तो उंच माळा, हातात गोफण, खाली वाऱ्याने सळसळणारं हिरवं रान, आणि दृष्टीच्या टप्प्यात एकही माणूस नाही. माझ्या बालपणीच्या किती दुपारी तिथे गेल्या! गोफण फिरवणं हे त्यातलं क्षणाचं काम; खरं काम पाहत राहण्याचं. आप्पा म्हणायचे, "पाखरू बसल्यावर वरडून काय उपेग? ते यायच्या आधी दिसाय पाहिजे तुला." पुढे मावशीकडे दौंडला शिकायला गेले. तिथल्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर मुली चाकांच्या स्केट्स घालून हॉकी खेळत. सगळ्यांना पळायचं होतं, वारा प्यायचा होता. गोलात एका जागी उभं राहायला कुणी राजी होईना. मी झाले. सरांना वाटलं, मुलगी धीट आहे. धीट कसली! मला एकटं उभं राहायची सवय होती, इतकंच.

मग चाकं गेली आणि पाती आली. मोठ्या शहरातल्या मॉलमधला तो काचेआडचा कृत्रिम बर्फ, मग राज्याचा संघ, मग लेहची शिबिरं. वर्षातले मोजके आठवडे बर्फ मिळायचा, आणि उरलेलं सगळं वर्ष त्याच्या आठवणीवर काढायचं. लेहला आम्ही बर्फसुद्धा स्वतःच तयार करतो, बरं का! सूर्य डोंगराआड गेला की मैदानात पाणी सोडायचं, थरावर थर गोठू द्यायचे. पहिल्या वर्षी माझ्या हाती पाइप आला आणि मी काय करावं? सवयीने बर्फाच्या भुग्याचे बांध घातले, वाफे पाडले, आणि एकेक वाफा भरत, शेताला पाणी देताना दारं धरावीत तसं पाणी फिरवत गेले. सकाळी मैदानभर दगडासारखे टणक बांध! लडाखी मुली पोट धरधरून हसल्या. मीही हसले, पण त्या हसण्यातली खरी गंमत कळेल असं तिथे कुणीच नव्हतं. वाफा म्हणजे काय हे हिंदीत सांगता सांगता ती गंमतच विझून गेली.

गोलरक्षकाचं एकटेपण कुणाला सांगून कळतं का? संघात असूनही ती संघात नसते. आपल्या मुलीने पलीकडे गोल केला की सगळ्याजणी एकमेकींवर कोसळतात, शिरस्त्राणं एकमेकांवर आपटतात, आरडाओरडा होतो. आणि मैदानाच्या ह्या टोकाला मी एकटीच काठी उंचावून उभी! आनंद नेहमी दूरच्या टोकाला होतो. दुःख मात्र घरपोच येतं. आमच्या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती जाळ्यात शिरते तेव्हा सर्वात जवळ मीच असते, आणि तिथून ती उचलून बाहेर टाकायचीही मीच. माझा चेहरा जाळीच्या मुखवट्याआड, अंग फुगीर पॅडांआड. छायाचित्रात मीच मला क्रमांकावरून ओळखते.

आमच्यापासून जवळच, घोडनदीच्या काठी, इनामगाव आहे. हजारो वर्षांपूर्वीची वस्ती तिथे उकरून काढली आहे. शाळेच्या सहलीत बाईंनी सांगितलं होतं, की ती माणसं आपल्या मृतांना घरातल्या जमिनीखालीच पुरत, आणि पुरताना पावलं तोडून ठेवत. गेलेलं माणूस घर सोडून लांब जाऊ नये, म्हणून असेल, असं जाणकार म्हणतात. त्या वयात मी शहारले होते. आता लेहच्या एखाद्या गोठलेल्या संध्याकाळी स्केटची नाडी सोडताना, निळ्या पडलेल्या पावलांकडे पाहताना, मला त्या माणसांचा राग येत नाही. किती प्रेम असेल ते! आणि किती भय! माझ्या आप्पांनी तर माझ्या पायांना पाती लावायला परवानगी दिली, आणि स्टँडवर बॅग उचलून एसटीत ठेवली. आई गेल्यावर ते त्या घरात एकटे, मी त्या बर्फावर एकटी. दोघांनी मिळून एकटं राहण्यापेक्षा हे दोन ठिकाणी एकटं राहणं शहाणपणाचं होतं का, हे मला अजून उमगलेलं नाही.

यंदाचा हिवाळा शेवटचा, असं मी ठरवलं होतं. गुडघे कुरकुरतात, आणि माझ्या जागी येणारी मुलगी माझ्याहून चपळ आहे. आप्पांना लेहला न्यायचं म्हटलं, तर डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर हात ठेवून मान हलवली. एवढी उंची ह्या हृदयाला नको. तेव्हा उपाय काढला शब्बीरमामांनी. मामा आमच्या स्टँडजवळ मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतात, आणि माझे फाटलेले पॅडही तेच शिवून देतात. पहिल्यांदा पॅड हातात घेऊन ते म्हणाले होते, "ही कंच्या गाडीची सीट म्हणायची, पोरी?" ह्या वर्षी सामने फोनवर दिसणार होते. मामा म्हणाले, "आप्पाला म्या लावून देतो फोन. तू निस्ती खेळ." मी आदल्या दिवशी आप्पांना समजावलं, की दोन टोकांना दोन गोल असतात आणि सुरुवातीला डाव्या हाताच्या गोलात मी असेन. "डाव्या हाताला," आप्पांनी घोकलं.

दिवस ज्वारीच्या राखणीचे. आप्पा माळ्यावर बसले होते. मामांनी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि ते दुकानाकडे परतले. इकडे लेहला कोपऱ्यात बसवलेल्या एका कॅमेऱ्याकडे मी मुखवट्याआडून पाहिलं. पहिल्या डावात मी सगळं अडवलं. काय हात चालत होते! मधल्या डावात मात्र काहीतरी तुटलं. एकामागून एक चकत्या माझ्या कडेने जाळ्यात शिरल्या, आणि पलीकडे त्यांची गोलरक्षक, कुठल्याशा डोंगरातली एक किडकिडीत पोर, आमच्या मुलींचं काही म्हणता काही आत जाऊ देईना. शेवटच्या डावात मी पुन्हा सावरले, पण वेळ निघून गेली होती. आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या तंबूत बसून मी फोन लावला. बोटं वळत नव्हती. "आप्पा, दिसलं का?"

"दिसलं की!" त्यांचा आवाज इतका भरून आलेला मी कधी ऐकला नव्हता. "येकबी गोल झाला न्हाई गं तुझ्यावर! मधल्या डावात तर काय आडवलंस! पाखरांनी वरली कणसं पार खाल्ली, खाऊंद्या म्हणलं आज. जितलो म्हण की आपुन!"

मला क्षणभर काही उलगडेना, आणि मग उलगडलं. आमच्या खेळात दर डावाला बाजू बदलतात. मधल्या डावात मी उजवीकडे गेले होते, आणि डाव्या हाताच्या गोलात ती डोंगरातली पोर उभी होती. वीतभर फोनवर सगळ्याच आकृत्या सारख्या, सगळ्याच काळ्या. चूक माझीच नव्हती का, मी हे सांगितलंच नव्हतं? आणि आप्पांना तरी कसं सुचावं? राखणीला बसलेला माणूस मध्येच शेत बदलतो, हे त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. माझ्या सर्वात वाईट घटकेला माझे वडील डोळ्यांत प्राण आणून दुसऱ्याच मुलीकडे पाहत होते.

"पर ती पलीकडली पोरगी गं," आप्पांचा आवाज एकदम उतरला. "त्याच डावात मधीमधी नजर जायची माझी तिच्याकडं. लई सुटत हुतं तिच्या हातनं. गोल झाला की मान खाली घालायची, आन् त्ये जाळ्यातलं काढून बाहेर टाकायची. जवळ कुनी जाईना, बोलंना. येकटीच हुभी त्या बर्फात. मला लई वंगाळ वाटलं बघ. घरचं कुनी बघत आसंल का गं तिला?"

मी मुखवटा मांडीवर घेऊन बसले होते. तंबूबाहेर विजयी मुलींचा गलका चालला होता. इतके हिवाळे मला वाटत आलं होतं, की चेहरा ओळखला, नावाने हाक मारली, म्हणजेच आपल्याला कुणी पाहिलं. आप्पांना माझा चेहरा दिसला नव्हता आणि ती मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी आईनंतर मला एवढं कुणी पाहिलेलं नव्हतं. बाजू बदलायचा नियम मी त्यांना सांगितला नाही, अजूनही सांगितलेला नाही.

"बघत हुतं, आप्पा," मी म्हटलं. "तिच्या घरचं मानूस बघत हुतं."