कमलची संत्री अन् सरोजचा भोपळा

इसरले ना? आज आपल्या अचलपूरच्या चर्चात कापणीचा सण होता! मोबाईल दिवसभर हातात, अन् सण ध्यानात नाही. मी बोलून राहिली, नात टाइप करून राहिली, आता ऐका.

या सणाले सगळे आपापला पहिला माल देवापुढं ठेवतात. माह्या धाकट्या जावेनं, कमलनं, टोपलीभर संत्री आणली. शेजारच्या सरोजले शेत नाही. तिनं कुडावरचा एकुलता भोपळा आणला. पाद्रीसाहेबांनी भोपळ्याचं कौतुक केलं. झालं! कमल टोपली उचलून तरातरा बाहेर. म्हणे, "आता या चर्चात पाय ठेवत नाही."

मी मागं गेली. "तोंड काहून पाडलं वं?"

"एवढी टोपली आणली, अन् कौतुक भोपळ्याचं!"

"चांगली संत्री व्यापाऱ्याले, डागी देवाले. त्याले दिसत नाही काय?"

तिनं टोपली खाली ठेवली. मंग म्या म्हटलं, "बायबलातल्या काइनाचं अर्पण देवाले आवडलं नाही, तवा त्याचंही तोंड उतरलं. देवानं समजावलं, पण त्यानं जळफळाटात सख्ख्या भावाले जिवानिशी मारलं. तरी काइनाले कोणी मारू नये म्हणून देवानंच त्याच्यावर खूण केली. तू तर अजून फक्त टोपली उचलली."

कमल पदराआड हसली. "उद्या चांगली आणतो," म्हणे. मंग चर्चाच्या पंगतीत सरोजच्या बाजूले बसली अन् हळूच बोलली, "भोपळ्याचं बी देशील काय वं?"

तुमच्या घरी कोण रुसून बसलं हाय? मले हात जोडलेली चित्रं नका धाडू. त्याले आजच गरम रोडगे अन् वांग्याची भाजी धाडा, अन् तूप सोडताना हात आखडू नका.