शैलाचा हात

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात शैलाच्या हाताचं नाव होतं. ब्लड टेस्टला आलेली माणसं खुर्चीत बसायच्या आधी विचारायची, "शैला आहे का आज?" तिच्या पॅथॉलॉजी सेंटरमध्ये रक्त घेणाऱ्या आणखीही होत्या, पण एकदाच टोचणार आणि शीर सापडणार, ही खात्री हिचीच. तान्ही पोरं, केमो घेऊन शिरा रुसलेल्या म्हाताऱ्या, सुई बघून घेरी येणारे सहा फुटी शेतकरी, सगळे हिच्याकडे. स्टुडंट व्हिसावर आली तेव्हा हॉटेल मॅनेजमेंट शिकली होती, पण पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर हे काम धरलं आणि त्यातच रमली. कुणी कौतुक केलं की "त्यात काय एवढं!" म्हणायची आणि मनातून अशी फुलायची की विचारू नका.

त्याच हाताचा अंगठा दिवाळीच्या सुमारास हलायला लागला. टीव्ही बघत बसली होती, उजवा हात मांडीवर, आणि अंगठा आपला आपणच तर्जनीवर घासतोय, चिमटीतून मीठ सोडावं तसा. तिने हात उशीखाली दाबला. दगदग झाली असेल, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, चहा फार होतो हल्ली. स्वतःची समजूत घालायला माणसाला कारणं कधी कमी पडलीत? शिवाय सुई धरली की अंगठा शहाण्यासारखा थांबायचा. मग कशाला कुणाला सांगा! नवऱ्याला, हेमचंद्रलाही, तिने पत्ता लागू दिला नाही. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासायला पाठवणारी बाई, स्वतः मात्र डॉक्टरच्या दारात पाऊल टाकेना.

आणि मग एक दिवस सुई धरूनही तो थांबला नाही. समोर एक लहानगा होता, आईच्या मांडीवर. शैलाची सुई चुकली. पुन्हा चुकली. पोराने सेंटर डोक्यावर घेतलं. आई नुसती शैलाच्या हाताकडे बघत राहिली. शैला टॉयलेटमध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन पुढच्याचं नाव पुकारलं.

मासेमारीचं खूळ शिरलं ते यातूनच. शेजारची ग्लेनिस, शाळेतून रिटायर झालेली बाई, दर आठवड्याला आपली छोटी पत्र्याची होडी गाडीमागे लावून धरणावर बास मासे पकडायला जायची. ती कधीपासून म्हणत होती, चल एकदा. शैलाने हिशोब केला, हाताला असं काहीतरी नाजूक काम दिलं तर तो ताळ्यावर येईल. हेमचंद्रचा हिशोब वेगळा होता. दोघंही अलिबागकडची, आणि टूवूंबात मासा मिळणार तो बर्फातला. त्यामुळे "ताजा मासा" एवढंच त्याच्या कानात शिरलं आणि हा बाबा आदल्या दिवशीच तिरफळं शोधायला लागला.

धरणावर पोचल्यावर ग्लेनिसने शाळेतल्यासारखंच शिकवायला घेतलं. याला ड्रॉप शॉट म्हणतात, म्हणाली. दोरीच्या टोकाला शिसं, ते तळाला जाऊन बसणार. गळ त्याच्या हातभर वर, त्याला रबरी अळी. दोरी किंचित सैल ठेवायची आणि काठीचं टोक बारीक हलवायचं, असं की शिसं जागचं हलता कामा नये, अळी मात्र पाण्यात जागच्या जागी थरथरली पाहिजे. बासला वाटतं, काहीतरी जिवंत आहे, पण पळून जात नाहीये.

"नवशिके फार जोरात हलवतात," ती म्हणाली. हेमचंद्रने तेच केलं. काठी अशी झटकत होता की जणू पोळीवरचं पीठ झटकतोय. शैलाने काठी धरली, कोपर मांडीवर टेकवलं आणि हात मोकळा सोडला.

काठीचं टोक थरथरायला लागलं, बारीक, एकसारखं.

"ब्यूटिफुल!" ग्लेनिस ओरडली. "थांबू नकोस, मेट, असंच चालू दे!"

शैला काहीच करत नव्हती.

थोड्याच वेळात दोरीला टकटक झाली, काठी वाकली, आणि हातभर लांबीचा काळपट-सोनेरी बास होडीत आला. मग दुसरा. मग आणखी एक. ग्लेनिस म्हणाली, माझी अर्धी हयात यात गेली पण असा हात पाहिला नाही. एवढं बोलून तिने एकेक मासा प्रेमाने पाण्यात सोडून दिला. हेमचंद्रचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, सोडते काय ही!" शेवटी त्याने गयावया करून एक ठेवून घेतला आणि बायको पुढचे मासे पकडत असताना, ग्लेनिसच्या सूचनांसकट, तिचा व्हिडिओ काढत सुटला. शैला हसली. हसावंच लागलं. आत नुसती आग पडली होती, कारण जन्मभर ज्या हाताचं कौतुक ऐकलं त्याचं आज पुन्हा कौतुक होत होतं, आणि ते होत होतं त्या थरथरीचं, जी तिला कापून फेकून द्यावीशी वाटत होती.

संध्याकाळी मासा तळला जात असताना व्हिडिओ मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला. अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मंडळातल्या शंतनूने लिहिलं, वहिनी, क्लास काढा. हेमचंद्र ठाण्याला बहिणीला फोन लावून सांगत होता, "अगं, पहिल्याच दिवशी! उपजतच आहे तिच्यात."

तेवढ्यात शैलाचा फोन वाजला. चिन्मयी होती, हॉस्पिटलमधली डॉक्टर, मंडळातली सगळ्यात धाकटी. शैला फोन घेऊन बेडरूममध्ये गेली.

"शैलाताई, बिझी आहेस का?"

"छे गं. मासे खायला ये."

"येते ना. ताई, तो व्हिडिओ पाहिला मी."

"अगं, ते टेक्निक असतं," शैला घाईघाईने म्हणाली. "ड्रॉप शॉट म्हणतात. टोक तसंच हलवावं लागतं."

"हो, ग्लेनिस सांगताना ऐकलं मी." चिन्मयी म्हणाली. "पण व्हिडिओच्या शेवटी ती मासा सोडते ना पाण्यात, तेव्हा तू बाजूला बसली आहेस. काठी खाली ठेवलेली आहे, ताई. हात रिकामा आहे तुझा."

शैला पलंगावर बसली. हात मांडीवर होता आणि आत्ताही त्याचं तेच चाललं होतं.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"मी फोनवर काही नाव देणार नाही याला. पण दाखवायला हवं, याच आठवड्यात. मी येते बरोबर. औषधं असतात, ताई, घाबरू नकोस."

"मला नाही गं भीती वाटत," शैला म्हणाली. "खोटं बोलतेय. जाम भीती वाटते. चिन्मयी, उद्या सकाळी पहिलीच एक छोटी मुलगी आहे माझ्याकडे. तिच्या आईने मुद्दाम माझं नाव सांगून वेळ घेतलीय. बाकी कुणाला शीर सापडत नाही म्हणे."

मग शैलाने "ठेवते" म्हटलं, आणि सेंटरच्या सुपरवायझरचा नंबर लावला. तिने फोन उचलला आणि हसतच विचारलं, काय गं, रविवारी फोन?

शैलाने इंग्रजीत सांगितलं की उद्यापासून मला रक्त घेता येणार नाही. का, सुट्टी हवीय का? नाही. माझा हात थरथरतो. बरेच महिने झाले. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या लहान मुलाला माझ्यामुळे दोनदा टोचलं गेलं.

बोलून झाल्यावर वर बघितलं तर हेमचंद्र दारात उभा. त्याच्या हातात ताटली, ताटलीत तळलेल्या तुकड्यांतला मधला, तिच्यासाठी काढून ठेवलेला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"मग तूही बघत बसला असतास," शैला म्हणाली. "हाताकडे."

तो ताटली धरून तसाच उभा राहिला. त्याला कुठे बघावं ते कळेना.