माझा वर्ग चोरीला गेला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हा मूर्खपणा मी तोंडी नाही केला. लेखी केला! दोन प्रतींत!

विदर्भ नुकता मुंबई राज्यात आला होता आणि मी नुकता पुण्याहून गोंदियाच्या नव्या कॉलेजात आलो होतो. अर्थशास्त्र विभागात माणसं दोनच, विभागप्रमुख बिसेन सर आणि मी. माझी नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “वर्गात पोरं टिकली, तर तुम्ही टिकलात.”

आणि दिवाळीनंतर माझ्या अकराच्या तासाला एकही पोरगं येईना! अहो, एकही! शेजारी कॉमर्सचा वर्ग गावातल्या व्यापाऱ्यांच्या मुलांनी गच्च, आणि मी रिकाम्या बाकांकडे बघून परत. असे सहा दिवस! बिसेन सरांना विचारावं, तर अकराला तेही गायब. नोकरी गेली तर? माझं लग्न ठरलं होतं हो, तेही ‘मुलगा प्रोफेसर आहे’ या एकाच गुणावर!

सातव्या दिवशी पहाटेच्या गाडीला पाहुणा बसवून स्टेशनावरून परतत होतो. साडेसात वाजले असतील. कॉलेजच्या खिडकीतून आवाज आला. डोकावतो तर काय? माझा वर्ग! दवनीवाड्याची, तिरोड्याची, आसपासच्या खेड्यांतून येणारी माझी सगळी पोरं! आणि फळ्यापाशी बिसेन सर, माझाच पेपर शिकवताहेत!

डोकं असं सणकलं म्हणता! हा माणूस माझी पोरं फोडतोय! मला घालवून आपला भाचा चिकटवणार! सरांना भाचा आहे की नाही, हे कुणाला ठाऊक होतं? पण नसेल तर पुतण्या असेल!

आत जाऊन सरळ विचारायचं ना? छे! आम्ही पुण्याचे. खोलीवर जाऊन तक्रार खरडली, ‘सहकाऱ्याच्या वर्गाचे अपहरण’. कुठल्या दिवशी माझा तास कसा रिकामा गेला, सगळं तारीखवार मांडलं आणि नऊच्या ठोक्याला प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन आपटलं.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. बिसेन सर सायकल काढून निघालेच होते, त्यांना आत बोलावलं.

“यांचा वर्ग तुम्ही घेता?”

“हो जी. घेऊन राहिलो ना.”

“बघा! कबूल केलं!” मी जवळजवळ उडीच मारली.

बिसेन सर शांतपणे म्हणाले, “धानाची कापनी सुरू आहे जी. धानावरचं दव वाळलं का पोरं बांधीत, आपापल्या वावरात जातेत. मंग अकराले कोन येते? म्हनून दरसाल कापनीत आपला वर्ग सकाळी सातले.” मग माझ्याकडे वळले. “तुमी काऊन नाही आले जी? मले वाटलं, तब्येत बरी नसंल. नवा मानूस, विचारावं कसं? म्हनून तुमचा तास मीच घेतला. साहेबाइले कायले सांगाचं?”

प्राचार्यांनी सूचनावही उघडली. सात वाजताच्या वर्गाची सूचना चांगली मोठ्या अक्षरांत. खाली ‘वाचले’ आणि शेजारी माझी झोकदार सही! शप्पथ सांगतो, ती वही पुढे आली की मी सही ठोकायचो. वाचायचं असतं, हे कुणी सांगितलं होतं?

“म्हणजे,” प्राचार्य म्हणाले, “सहा दिवस तुम्ही कामावर नव्हता, हे मला कळायला मार्गच नव्हता. बिसेन सरांनी पांघरूण घातलं. तुम्ही मात्र लेखी कळवलंत!”

मेलो! लग्न डोळ्यांसमोर मोडताना दिसलं. प्राचार्यांनी तो कागद विभागप्रमुखांच्या शेऱ्यासाठी सरांकडे सरकवला. सरांनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं, ‘तक्रार खरी आहे. वर्ग मी नेला. मालक झोपेत होते. माणूस कामाचा आहे, कायम करावा.’

प्राचार्य हसले, आणि मी वाचलो. लाज एवढी वाटली की सरांचे पाय धरावेत असं झालं! बाहेर येऊन खालमानेनं विचारलं, “सर, आज काय शिकवलंत?”

“तुमचंच परकरन जी. शेतीच्या कामाचे हंगाम. पोराइले सारं येतेच.” सरांनी सायकलवर टांग मारली. “उद्या सातले या. पोरं शिकवून देतीन तुमाले!”