टाकी काढायला गेलो तेव्हा

विजेचे आकडे गोळा करायला गेलं की किस्से फुकटात मिळतात. आकडे विसरायला होतात, किस्से अंगाला चिकटून राहतात.

जर्मनीत शिकून मी पुण्यात परतले ती देशाची वीज वाचवायचीच, असं ठरवून! सुरुवात शहराबाहेरच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीपासून. टाकीचा गिझर पाणी तापवून ठेवतो. ते निवतं, तो पुन्हा तापवतो. इन्स्टंट गिझर मात्र नळ सोडला तरच वीज खातो. दोन्हींना मीटर लावून खर्चाची तुलना दाखवायची आणि एकूण एक टाकी उतरवायची, हा माझा हट्ट. जोडीला कसबा पेठेतले इलेक्ट्रिशियन सलीमभाई.

*

पहिल्याच घरी निवृत्त मास्तर. म्हणाले, "टाकी काढाच. दुपारची बोलते."

सलीमभाई हसले. "पत्रा निवताना कुरकुरतोच, सर."

"कुरकुरू दे हो. पण नाव घेऊन?"

*

कोणी न वापरता टाकी किती वीज खाते ते बघायला एका बंद फ्लॅटमधला गिझर चालू ठेवला. किल्ली माझ्याकडेच. आठवड्याने पाहिलं, तर शेजारच्या चौघांच्या घरापेक्षा युनिट जास्त! बाथरूमची फरशी ओली. मी मालकांना फोन लावला.

"तिथे कोणी राहत नाही," ते म्हणाले. "आणि राहत असेल, तर मेंटेनन्स त्याच्याकडून घ्या!"

*

तळमजल्यावर आबा राहतात, इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. त्यांच्याकडे इन्स्टंट भिंतीवर चढवला. आबांनी लगेच नळ सोडून खाली हात धरला.

"लई भारी हाय की! चटका बसतोय!"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. वायर अजून त्यांच्या हातातच होती.

*

शेवटी एकच टाकी उरली. काकूंची. घरात दोघंच; अण्णा नुकतेच हृदयाचं ऑपरेशन होऊन आलेले, काकू टुणटुणीत. मी सगळी तुलना मांडली.

"अहो काकू, दोघांना एवढं गरम पाणी कशाला?"

"दोघांना नाही गं. स्मशानातून सगळे एकदम येतील. आंघोळीला एकेकाला ताटकळत ठेवायचं का?"

अण्णा समोरच चहा पीत होते. म्हणाले, "बघा, माझी तयारी चाललीय!"

काकू हसल्या नाहीत. "गुरुवारपर्यंत राहू दे," एवढंच म्हणाल्या.

मी वाद घालणार होते, पण सलीमभाईंनी पाना पिशवीत टाकला होता.

शुक्रवारी गेलो. दाराबाहेर चपलाच चपला. दार अण्णांनी उघडलं. केस ओले, खांद्यावर पंचा.

"पाणी पुरलं सगळ्यांना," ते म्हणाले. "आता काढा टाकी."